कळण्याच्या भाकरीवरचा पिझ्झा : घरच्या चुलीवरील आहारशास्त्र

इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना ‘आहार व पोषण’ हा घटक शिकविताना मी एक स्वाध्याय नेहमी देत असते. सुट्टीत घरी असताना कोणत्याही एका दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले, ते अंदाजे प्रमाणासह लिहून आणावयाचे. काही वर्षांपूर्वी उन्हाळी सुट्टीनंतर या वह्या तपासताना माझ्या लक्षात आले की, बऱ्याच वह्यांतून भाकरी नाहीशी झाली आहे. तिच्या जागी नूडल्स, बर्गर, पिझ्झा असे शब्द आले होते. एका मुलाने लिहिले होते, ‘रविवारी आम्ही सर्व जण घरी बसून पिझ्झा खातो.’ हा विद्यार्थी संपूर्ण मे महिना आईवडिलांबरोबर वीटभट्टीवरच्या झोपडीत राहून आला होता, हे मला ठाऊक होते. त्या झोपडीत रविवारी काय शिजत असेल, याची कल्पना करणे कठीण नव्हते. त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ ओढणे मला जमले नाही. उत्तर चुकीचे होते, परंतु चूक त्या मुलाची होती असे मला वाटले नाही. भाकरी लिहिण्याची लाज त्याला कोणी शिकविली, हा प्रश्न मात्र मनातून जाईना.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून जन्मला आहे. पिझ्झा वाईट आणि भाकरी चांगली असा उपदेश वर्गात अनेकदा केला जातो, आणि मुले तो ऐकून विसरूनही जातात. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. पिझ्झा म्हणजे नेमके काय, तो आपल्या घरी, आपल्या धान्याचा, आपल्याच तव्यावर होऊ शकतो काय, आणि झालाच तर तो खरोखर पौष्टिक असतो काय, हे विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी मिळून करून पाहावे, असे ठरविले.

प्रथम पिझ्झ्याचे मूळ पाहू. इटलीतील नेपल्स हे बंदराचे शहर. तेथील गोदीत राबणारे हमाल, मासेमार आणि ज्यांना धड चूलही नव्हती असे गरीब लोक अठराव्या व एकोणिसाव्या शतकात रस्त्यावर उभे राहून जे खात, ते म्हणजे पिझ्झा. कणकेची चपटी भाकरी, तिच्यावर लसूण, तेल किंवा चरबी, कधी किसलेले चीज, कधी लहान मासे, आणि पुढे टोमॅटो. टोमॅटो मुळात अमेरिका खंडातला. युरोपात तो सोळाव्या शतकात पोहोचला, आणि तो विषारी असावा या भीतीने लोक बराच काळ त्यापासून दूर राहिले. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याने १८४३ च्या सुमारास आपल्या प्रवासवर्णनात नेपल्सचे गरीब लोक हिवाळ्यात पिझ्झ्यावर आणि उन्हाळ्यात कलिंगडावर जगतात, अशी नोंद केली आहे. १८८९ मध्ये राणी मार्गारिता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोझितो नावाच्या कारागिराने तिच्यासाठी टोमॅटो, चीज व तुळशीच्या जातीची पाने घालून पिझ्झा केला, आणि त्यावरून ‘मार्गरिटा’ हे नाव पडले, अशी कथा सांगतात. इतिहासकार तिच्याविषयी शंका घेतात. पण त्या कथेचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. गरिबाचे अन्न राणीने खाल्ले असे सांगितल्यावाचून त्या अन्नाला प्रतिष्ठा मिळाली नाही. २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. भारतात मात्र हा पदार्थ १९९६ पासून मोठ्या कंपन्यांच्या दुकानांतून, वातानुकूलित खोलीतून आणि रंगीत खोक्यातून आला. त्यामुळे तो श्रीमंतांचा आहे असा समज होणे साहजिक होते. ज्या हमालांनी तो प्रथम खाल्ला, त्यांची आठवण त्या खोक्यावर छापलेली नसते.

हा इतिहास सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता होती. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, “मॅडम, म्हणजे ती त्यांची भाकरच?” याहून अचूक व्याख्या मला तरी करता आली नसती.

आता आपल्याकडे वळू. कणीक कोरड्या आचेवर भाजून खाण्याची विद्या बुलडाणा जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन शिकवावी अशी नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि त्यांच्याबरोबर वांग्याची भाजी हे जेवण वऱ्हाडात शेताच्या बांधावर पिढ्यान्पिढ्या होत आले आहे. शेजारच्या खानदेशात खापरावर मांडे भाजतात. मलकापूर, नांदुरा या खानदेशालगतच्या पट्ट्यात ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकर घरोघरी परिचित आहे. तिच्यावर ठेचा, वर तेलाची धार आणि कांदा ठेवून ती हातावर घेऊन खाणारा माणूस पाहिला, की नेपल्सच्या गोदीतला हमाल फार दूरचा राहत नाही. आणि बाहेरून आलेला पदार्थ आपलासा करण्याचे म्हणाल, तर शेगावच्या कचोरीची ख्याती आज जिल्ह्याबाहेर किती दूर गेली आहे, ते प्रवासी जाणतातच.

मग भाकरी मागे का पडली? याचे उत्तर केवळ मुलांच्या जिभेत नाही. पूर्वी या जिल्ह्याच्या शिवारात ज्वारीची कणसे डोलत. गेल्या तीनचार दशकांत ती जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीन विकून पैसा येतो, घरात खाण्याचे धान्य येत नाही. स्वस्त धान्य दुकानात बहुतांशी गहू व तांदूळ मिळतो, म्हणून घरोघरी पोळी आणि भात आला. त्यातच १९७२ च्या दुष्काळाची आठवण आहे. त्या वर्षी परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी लोकांना खावी लागली. आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मिलो हा शब्द येतो तो नाक मुरडूनच. भाकरीचा संबंध असा अभावाशी जोडला गेला. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरातील दुकानांत ज्वारीच्या पिठाला ‘आरोग्यदायी’ अशी चिठ्ठी लागली आणि त्याचा भाव वाढला. ज्यांनी ती लाजेने सोडली त्यांनाच ती आता महाग पडते, हा विरोधाभास विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देणे मला आवश्यक वाटते.

आता आकड्यांचा पाठ. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची घटक-सारणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार १०० ग्रॅम मैद्यात प्रथिने सुमारे १०.४ ग्रॅम, तंतू सुमारे २.८ ग्रॅम आणि लोह सुमारे १.८ मिलिग्रॅम असते. १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १०, तंतू सुमारे १०.२ ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅम. म्हणजे प्रथिनांत ज्वारी व मैदा जवळजवळ बरोबरीचे आहेत. खरा फरक तंतूंचा आणि खनिजांचा. गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकला की मैदा उरतो, हे त्याचे कारण. तंतूंमुळे अन्न सावकाश पचते, रक्तातील साखर एकदम चढत नाही, पोट साफ राहते आणि थोड्या खाण्यात समाधान होते.

येथे कळण्याची महती कळते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, तर उडदात ते भरपूर असते. उलट उडदात मिथिओनिन कमी, ते धान्यातून मिळते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. चार भाग ज्वारी आणि एक भाग अख्खे उडीद, या प्रमाणातील १०० ग्रॅम पिठाचे गणित विद्यार्थ्यांनी फळ्यावर मांडले. ज्वारी ८० ग्रॅम, तिची प्रथिने ८ ग्रॅम. उडीद २० ग्रॅम, त्याची सुमारे ४.४ ग्रॅम. बेरीज १२.४. तंतूंची बेरीज १२ ग्रॅमच्या पुढे जाते, म्हणजे मैद्याच्या चौपटीहून अधिक. प्रयोगशाळा नव्हती तेव्हा आपल्या आज्यांना हे प्रमाण कसे सापडले असेल, असा प्रश्न एका मुलीने विचारला. मी तिला म्हटले, की जे खाल्ल्याने दिवसभर निंदणी करता आली ते त्यांनी टिकविले असावे. याहून शास्त्रशुद्ध उत्तर माझ्यापाशी नाही.

एवढी तयारी झाल्यावर वाटले, आता करणे सोपे आहे. तसे झाले नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पहिला प्रयोग मी एकटीने, नुसत्या ज्वारीच्या पिठाचा केला. भाकरी जाड थापली, तिला वर उचलताच मधोमध भेग गेली. दुसरी कशीबशी तव्यावर गेली, तर तिच्यावर मी कच्च्या टोमॅटोच्या फोडी व कांदा भरमसाट घातला. झाकण ठेवताच त्यांना पाणी सुटले आणि भाकरीचा लगदा झाला. तो लगदा आम्ही चमच्याने खाल्ला. मुलींनी चव चांगली आहे असे सांगितले. शिक्षिकेचे मन राखण्याची ती रीत होती.

दुसरा प्रयोग ऑगस्टमधील पालक मेळाव्यात केला, आणि त्या वेळी मलकापूरकडील एका विद्यार्थिनीची आजी माझ्या मदतीला आली. माझी परात पाहून ती म्हणाली, “मॅडम, नुसत्या जवारीचं तुटनच. कळणं घ्या.” तिने पिशवीतून आणलेले पीठ पुढे केले. नातीला आवडते म्हणून ते तिने घरून आणले होते. त्या एका वाक्यात जे शास्त्र होते, ते विद्यार्थ्यांना असे समजावून देता येते : गव्हात ग्लायाडिन व ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळले की त्यांचे जाळे तयार होते, त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट पिठातील साखरेवर जगते व कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. तो या जाळ्यात अडकतो आणि मैद्याचा पिझ्झा फुगतो. ज्वारीत हे जाळे नाही. म्हणून भाकरीच्या पिठाला आपण उकळते पाणी घालतो. उष्णतेने पिष्टकण पाणी पिऊन फुगतात, चिकट होतात आणि पीठ एकमेकांना धरून ठेवते. उडदात निसर्गतःच बुळबुळीत, चिकट द्रव्य असते. इडलीचे पीठ ज्याच्या बळावर हवा धरून ठेवते, तेच हे द्रव्य. ते ज्वारीच्या पिठात आले की थापलेली भाकरी जाड असूनही तुटत नाही.

पाच माणसांच्या कुटुंबाला कळण्याचे पीठ अर्धा किलो लागते. दळताना त्यात थोडे खडेमीठ घालण्याची रीत आहे, तसे घातले असेल तर पुन्हा मीठ घालू नये. परातीत पीठ घेऊन मध्ये आळे करावे, त्यात उकळते पाणी थोडे थोडे ओतून उलथन्याने कालवावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या मुळाने रगडून मळावे. येथे घाई केली की कडा फाटतात. पाच गोळे करावे. प्रत्येक गोळा वीतभर रुंदीचा व नेहमीच्या भाकरीहून जाडसर थापावा, कडेला बोटांनी किंचित उंचवटा ठेवावा, म्हणजे वरचा रस ओघळत नाही. तव्यावर टाकून नेहमीप्रमाणे वरून पाणी फिरवावे. आता एक गोष्ट मात्र नेहमीच्या उलट करावयाची. चांगली भाकरी फुगते, परंतु पिझ्झ्याची भाकरी फुगू देऊ नये. फुगली तर पापुद्रा सुटतो आणि वरचा भार त्याला पेलवत नाही. म्हणून काट्याने जागोजागी टोचे मारावे, दोन्ही बाजू मंद आचेवर अर्ध्याच भाजाव्या व भाकरी उतरवून ठेवावी. आयुष्यभर भाकरी फुगविण्यात धन्यता मानलेल्या आयांना हे टोचे मारणे जिवावर आले होते, हे येथे नमूद करते.

वरच्या रसासाठी अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, एक मोठा कांदा, आठदहा लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे तेल, चवीपुरते तिखट व मीठ, आंबटपणा मोडण्यापुरता गुळाचा खडा. लसूण-कांदा परतून टोमॅटो बारीक चिरून घालावा आणि डाव उभा राहील इतका दाट होईपर्यंत आटवावा. माझ्या पहिल्या प्रयोगाचा लगदा झाला तो हे आटविणे टाळल्यामुळे. टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन हे द्रव्य शिजविल्याने व तेलाच्या सान्निध्याने शरीरात अधिक शोषले जाते, म्हणजे आटविण्याचा हा दुहेरी लाभ. बाजारातील पिझ्झ्याबरोबर ओरेगॅनो नावाच्या वाळक्या पाल्याची पुडी मिळते व मुलांना तिचे भारी अप्रूप असते. त्या वासाचे मूळ कार्व्हाक्रॉल व थायमॉल या सुगंधी द्रव्यांत आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातील ओव्यात थायमॉल विपुल असते आणि कुंडीतल्या जाड, लवदार पानओव्यात कार्व्हाक्रॉल. चिमूटभर ओवा हातावर चोळून रसात टाकला आणि पानओव्याची दोन पाने बारीक चिरून घातली, तेव्हा मेळाव्यातील मुले वासानेच ओळखून ओरडली. पुडी विकत आणावी लागली नाही.

भाज्यांचे सोपे आहे. ढोबळी मिरची, कांदा, कोबी, शेवग्याची पाने, वाफवलेले हरभऱ्याचे वा मक्याचे दाणे, घरात जे असेल ते. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन करणारी अनेक कुटुंबे आहेत, त्यांच्या मुलांना तर मिरची-टोमॅटोविषयी माझ्याहून अधिक माहिती असते. भाज्या पातळ चिरून मोठ्या आचेवर मिनिटभर परताव्या, म्हणजे सुटणारे पाणी तेथेच उडून जाते. थोडी ढोबळी मिरची मात्र कच्चीच शेवटी वर पेरावी आणि खाताना लिंबू पिळावे. कारण असे की, ज्वारी-उडदातील लोह फायटेट नावाच्या द्रव्याशी बांधलेले असते व ते शरीराला सहज मिळत नाही. क जीवनसत्त्व जवळ असले की त्याचे शोषण वाढते. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होत जाते, म्हणून काही भाग कच्चा हवा. जेवणाबरोबर चहा घेतल्यास नेमके उलट घडते. किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय किती आढळतो, हे वसतिगृहात राहणाऱ्या शिक्षिकेला वेगळे सांगावे लागत नाही, म्हणून या मुद्द्यावर मी थोडी अधिक रेंगाळले.

चीजविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पिझ्झा घरी केला म्हणून तो आपोआप पौष्टिक होत नाही. मैद्याऐवजी ज्वारी घेतली आणि वर पाव किलो चीज किसले, तर मीठ व संपृक्त स्निग्धांश यांच्या बाबतीत आपण दुकानदाराच्याही पुढे गेलो. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पापड, लोणचे व ठेचा यांनी आपल्या ताटातील ही मर्यादा अगोदरच गाठत आणलेली असते. आम्ही एक लिटर म्हशीचे दूध लिंबाने नासवून घरीच पनीर केले. ते सुमारे दोनशे ग्रॅम भरते, म्हणजे प्रत्येकाला चाळीस ग्रॅम. पनीर वितळत नाही, अशी मुलांनी तक्रार केली. ती योग्यच होती. आम्लाने साकळलेल्या पनीरमधून चुना निघून जातो व त्याची प्रथिने तापल्यावर घट्ट होतात. मोझरेलामध्ये चुन्याने जोडलेली प्रथिने उष्णतेने सैल होऊन ताणली जातात, म्हणून तार सुटते. ती तार हाच मुलांचा आनंद असतो. तो हिरावून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. म्हणून प्रत्येकी पंधरा ग्रॅम चीज, किसून, सर्वांत वर. विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. दुधाऐवजी वनस्पती तेलाचे नाव आधी आले तर ते चीज नव्हे. वेष्टन वाचण्याचे काम आम्ही सातवीच्या मुलांकडे दिले आणि त्यांनी ते पोलिसी थाटात पार पाडले.

असा एक पिझ्झा म्हणजे साडेपाचशे ते सहाशे किलोकॅलरी व वीस ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने. हे पूर्ण जेवण झाले, मधल्या वेळचे खाणे नव्हे. लहान मुलाला अर्धा पुरतो.

राहिली भट्टी. नेपल्सच्या लाकडी भट्टीत साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता असते व पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत होतो. आपल्याकडे भट्टी नाही म्हणून अडत नाही. जाड बुडाच्या लोखंडी तव्यावर अर्धी भाजलेली भाकरी ठेवावी, तिच्यावर रस पातळ पसरावा, पनीर, भाज्या व चीज पेरून खोलगट झाकण ठेवावे आणि मंद आचेवर सहा ते आठ मिनिटे थांबावे. मध्ये एकदा झाकण उचलून आतले पाणी पुसून घ्यावे. जेथे चूल आहे तेथे याहून चांगली सोय आहे. झाकणावर चार निखारे ठेवावे; वरून-खालून विस्तव देण्याची ही जुनीच रीत, आणि चीजला पडणारे तांबूस ठिपके गॅसवर पडत नाहीत ते तिच्यामुळे पडतात. निखारे ठेवण्याचे व काढण्याचे काम मोठ्यांनीच चिमट्याने करावे. मेळाव्याच्या दिवशी पाऊस होता, लाकडे ओली होती आणि पहिले दोन पिझ्झे धुरकटले. तेच दोन सर्वांत आधी संपले.

शीर्षकात मी घरच्या चुलीचा उल्लेख केला आहे, पण घरात चुलीपाशी कोण बसते हा प्रश्न त्यात येतोच. पाककृतीच्या पुस्तकांत ‘गृहिणींसाठी’ असे शब्द असतात. आमच्या मेळाव्यात आम्ही कामे चिठ्ठ्या टाकून वाटली. दूध नासविणे आठवीच्या मुलांकडे, तराजू धरणे लहानांकडे, चिरण्याचे काम नववीच्या मुलामुलींकडे, मळणे ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याकडे. थापण्याची चिठ्ठी वीटभट्टीवर काम करणाऱ्या त्या पालकांना निघाली, ज्यांच्या मुलाच्या वहीतून या लेखाची सुरुवात झाली. काही जण हसले. मुलाने मान खाली घातली. वडील परातीपुढे मांडी घालून बसले, पिठाला दोनदा पाण्याचा हात लावला आणि बघता बघता पाच भाकरी थापून मोकळे झाले. सगळ्या एकसारख्या गोल, एका जाडीच्या, कडेचा उंचवटाही नेमका. मी विचारले, “हे कुठे शिकलात?” ते म्हणाले, “भट्टीवर, मॅडम. तिला पहाटंच मातीत उतराव लागते, मंग भाकरी म्याच थापतो. इटा थापतो, भाकरीचं काय एवढं!” मलकापूरच्या आजींनी एक भाकरी उचलून उजेडात धरली, भेग शोधली, आणि ती सापडली नाही म्हणून दुसरी पाहिली. त्यानंतर त्यांच्या परातीभोवती मुलांची जी गर्दी झाली, तिच्यात सर्वांत पुढे त्यांचा मुलगा होता. सहावी भाकरी त्याने थापली. ती गोल नव्हती.

त्या दिवशी पंगतीत बसताना कोणी कोणते घर, कोणते गाव विचारले नाही, कारण प्रत्येकाला स्वतःचा पिझ्झा कोणत्या झाकणाखाली आहे याचीच काळजी होती. एक गृहस्थ आधी ‘आम्हाला असले काही चालत नाही’ म्हणून दूर उभे होते. त्यांनी शेवटी ठेचा मागवून घेतला, पिझ्झ्यावर फासला आणि दोन खाल्ले. ठेच्याचे मीठ मी मोजले नाही.

पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तोच स्वाध्याय दिला. त्या विद्यार्थ्याच्या वहीत या वेळी सकाळी चहा व बटर, दुपारी भाकर, बेसन व कांदा, रात्री भाकर व मुगाची डाळ, असे लिहिलेले होते. पिझ्झ्याचा उल्लेख नव्हता. पानाच्या तळाशी मात्र पेन्सिलीने एक प्रश्न होता : ‘भट्टीवर उडीद नव्हते. कळण्यात मूग चालतील का?’ मी उत्तर लिहिले, ते इतर वाचकांनाही उपयोगी पडावे म्हणून येथे देते. मूग चालतात. प्रथिनांचे गणित जवळजवळ तेच राहते. पण मुगात उडदाएवढी चिकटाई नसते, म्हणून चार वाट्या ज्वारी व एक वाटी मूग यांच्या पिठात मूठभर गव्हाची कणीक मिसळावी, पाणी अगदी उकळते घ्यावे आणि भाकरी नेहमीपेक्षा थोडी लहान थापावी.